माझ्याच नावाचं स्टेशन

मी मला पहिल्यांदा भेटले ती एका शनिवारी, दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी. आरशात नाही हं… कॉम्प्युटरच्या पडद्यावर!

जळगावात आमच्या गच्चीवरच्या खोलीत माझा जुना फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर होता. त्याला वायरलेसचा सेट जोडलेला, आणि या सगळ्या संसारावर राज्य करायला लिनक्स — एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून, दोन रविवार खर्ची घालून बसवलेलं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. त्या रेघेपाशी 'एमहर्ड' एवढं टाइप करून एंटर मारलं की आसपासच्या हवेत कोणकोणती स्टेशनं बोलली आणि केव्हा बोलली, त्यांची यादी समोर यायची. भुसावळचे एक रेल्वेतले काका, जळगावातलेच एक डॉक्टर आणि हवा चांगली असली तर धुळ्याचं एक कॉलेज. १९९८ साली आमच्या आकाशात एवढीच वस्ती होती. तरी मी ती यादी दिवसातून दहा वेळा बघायचे, नवीन सून शेजार बघते तशी.

त्या शनिवारी मी अँटेना भुसावळकडून वळवून पश्चिमेला केला, धुळे लागतंय का बघावं म्हणून. खोलीत येऊन कमांड दिली. यादीत एकच ओळ आली… आणि त्या ओळीत माझाच कॉलसाइन!

कॉलसाइन म्हणजे सरकारने दिलेलं आपलं हवेतलं नाव. माझ्या कॉलसाइनच्या शेवटी एमजेएल — मंजुळातली ही तीन अक्षरं मी हट्टाने मागून घेतलेली. देशात ते नाव दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. आणि माझा सेट तर तेव्हा गप्प बसून नुसता ऐकत होता.

मी डोळे चोळले. अर्ध्या तासाने, चार बेचाळीसला, पुन्हा तेच! या वेळी मी त्याचा मजकूरही उघडून वाचला. 'मी मंजुळा, जळगाव. कोणी ऐकत असेल तर उत्तर द्या.' हे वाक्यसुद्धा माझंच. दर अर्ध्या तासाने आपोआप जाणारी ही हाळी मी जूनमध्येच काढून टाकली होती, कारण नाना म्हणाले होते, "मंजू, काम नसताना हवेत हाका मारत बसू नये."

नाना म्हणजे माझे वडील, रुपचंद तारबाबू. एकतीस वर्षं तार ऑफिसात कट्ट-कडकट्ट केलं आणि एकतीस वर्षांत एक अक्षर चुकीचं पाठवलं नाही, हा त्यांचा अभिमान. मोर्स मला त्यांनीच शिकवला. परीक्षा, पोलिसांची चौकशी, मग नुसती वाट… अशी दोन वर्षं गेल्यावर माझं लायसन्स आलं, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते.

आणि सोमवारी त्याच पत्त्यावर सरकारी लिफाफा आला. 'आपल्या कॉलसाइनवरून गेले तीन आठवडे दर तीस मिनिटांनी निष्कारण प्रसारण होत असल्याची तक्रार आहे. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास आपले लायसन्स रद्द करण्यात येईल.'

नानांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. मग घडी करून माझ्या हातात ठेवलं.

"नाना, मी नाही हो ते."

"मग कोण?"

"शोधते," मी म्हणाले. "आणि सापडला ना, की कान धरून तुमच्यापुढे उभा करते!"

चोर दर अर्ध्या तासाने दोन सेकंद बोलायचा. तेवढ्यात त्याची दिशा पकडायची म्हणजे एक-एक हाळीची वाट बघत अँटेना इंच-इंच फिरवायचा. तो अँटेनाही काय, पडद्याच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा, माझ्याच हातचा. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायचे, तिथे दोन दिवस रजा टाकली. मंगळवारी संध्याकाळपर्यंत दिशा पक्की झाली. नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सरळ रेल्वेमार्गावरच — पाळधी, धरणगाव, अमळनेर… थेट नरडाण्यापर्यंत!

बुधवारी सकाळी मी छोटा अँटेना चादरीत गुंडाळला, हातातला सेट पिशवीत टाकला आणि पॅसेंजरमध्ये जाऊन बसले. समोरच्या बाईंनी विचारलं, "छत्री का गं?" मी म्हटलं, "चोर पकडायचं जाळं आहे." त्यांनी पिशवी जवळ ओढून घेतली.

पाळधीला हाळी मोठी झाली होती. धरणगावला तर अँटेना बाहेर काढायचीही गरज पडली नाही, पिशवीतला सेटच खेकसला. आणि स्टेशनाबाहेर येऊन बघते तो काय… कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर, निळ्याभोर आभाळात, पडद्याच्या दांड्यांचा अँटेना! हुबेहूब माझ्यासारखा. रोख जळगावकडे.

कापसाचा मोसम भरात होता. बैलगाड्यांची रांग फाटकापासून पार वळणापर्यंत, हवेत कापसाचे पांढरे तंतू तरंगतायत, नाकात सरकीचा वास. फाटकावरच्या म्हाताऱ्या चौकीदाराला लोक सुपडू आबा म्हणत होते.

"कोन जोयजे तुले, ताई?"

"आबा, ती टाकीवरची काठी कुणाची?"

"ती? ती आमना उखर्डूनी शे. बठ्ठा दिन तठेच ऱ्हास. काय ऐकस, देवले ठाऊक!"

सगळा दिवस तिथेच म्हणे! आणि नाव काय, तर उखर्डू! आमच्याकडे आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्याला उकिरड्यावर ठेवतात, उचलतात आणि असलं नाव देतात. यमाला वाटावं, टाकून दिलेलं पोर आहे, हे कशाला न्या. तुम्हीच सांगा, प्रेमकथेतल्या नायकाचं हे नाव असतं का? पण मी तेव्हा प्रेमकथेत नव्हतेच. मी भांडायला आले होते.

सुपडू आबांनी हाक मारली. टाकीच्या लोखंडी शिडीवरून एक उंच, सावळा तरुण उतरला. केसांत कापूस, मिशीत कापूस, भुवयांवर कापूस. आणि त्या पांढऱ्या भुवयांखाली दोन काळेभोर डोळे, इतके शांत की मला आणखीच राग आला.

"नाव काय तुमचं?" मी दरडावलं.

"उखर्डू महाजन. इथे इलेक्ट्रिशियन आहे."

"खोटं. तुमचं नाव मंजुळा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मंजुळा… तुमचं नाव आहे."

आता गांगरायची पाळी माझी. "तुम्हाला कसं माहीत?"

"यादीत येतं ना रोज. माझ्या यादीत सगळ्यात जास्त वेळा तुम्हीच असता…" त्याचे कान लाल झाले. "म्हणजे, जवळचं स्टेशन आहे ना… म्हणून."

कापसाने भरलेल्या माणसाचे लाल कान फार चांगले दिसतात, हे मला तेव्हा कळलं. पण मी राग सोडला नाही.

मोटारींच्या खोलीत कोपऱ्यात त्याचा कॉम्प्युटर होता, ऑफिसने टाकून दिलेला आणि त्याने उभा केलेला. काळा पडदा, लुकलुकणारी रेघ. ते बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं, आणि वाटल्याबद्दल स्वतःचा रागही आला. मी त्याला बाजूला सारून कॉम्प्युटर सुरू होताना वाचतो ती फाइल उघडली, तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "वाचा!"

त्याने वाचलं. 'मी मंजुळा, जळगाव…' कापसाखालचा चेहराही पांढरा झाला.

"माले काय माहीत!" तो एकदम म्हणाला, मग सावरला. "मला… मला वाटलं, मी नुसता ऐकतोय. परीक्षा पास आहे, चौदा महिने झाले, लायसन्स यायचंय. तोवर फक्त ऐकायचं, बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. सेट तयार करून ठेवला होता, इतकंच."

"आणि सेटचा लाल दिवा दर अर्ध्या तासाने लागायचा, तो दिसला नाही?"

"दिसला ना. मला वाटलं, व्होल्टेज नाचतंय. जिनिंग सुरू झालं की नाचतंच इथे."

काय इलेक्ट्रिशियन! मला हसू यायला लागलं, ते मी ओठ चावून दाबलं. "पण फाइलमधलं दुसऱ्याचं नाव बदलावं, एवढंही कळू नये?"

"तुम्हीच म्हणालात तसं."

"मी?"

"ऑगस्टमध्ये, धुळ्याला. तुम्ही कॉलेजात हे सगळं करून दाखवलं होतं. शेवटी लाइट गेले. मी मागच्या रांगेतून येऊन फ्लॉपी मागितली. तुम्ही वर न बघताच दिलीत आणि म्हणालात — काही बदलू नका, जसंच्या तसं चालवा, नाहीतर बिघडेल." तो थांबला. "मी एक अक्षर बदललं नाही."

फ्लॉपी जुनी, हाळी काढायच्या आधीची. वाक्य माझं, नाव माझं, हुकूमही माझा! माझं ऐकून हा शहाणा माणूस तीन आठवडे मंजुळा होऊन बसला होता.

मी मुकाट्याने सरकारी पत्र पुढे केलं. त्याने ते वाचलं, पहिल्यांदा सेटची वायर उपटली आणि म्हणाला, "आज लिहितो. चूक माझी आहे."

"खबरदार! तुम्ही विनापरवाना बोललात असं तुमच्याच हाताने लिहिलंत, तर लायसन्स कधीच मिळणार नाही तुम्हाला."

"आणि नाही लिहिलं, तर तुमचं जाईल."

सुपडू आबांनी चहा आणून दिला. मी भांडायला गेले होते आणि चहा पिऊन, गाडीच्या खिडकीतून दिसेनाशी होईपर्यंत ती टाकी बघत परत आले.

दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा धरणगावला गेले. स्टेशन खरंच बंद आहे का, याची खात्री करायला! ती खात्री जळगावला यादी बघूनही झाली असती, हे तुम्हाला कळतंय, मला कळत होतं, आणि फाटकावर मिशीत हसणाऱ्या सुपडू आबांनाही कळत होतं.

रविवारी उखर्डू आमच्याकडे आला. "कान धरून आणणार होतीस ना?" नाना हळूच म्हणाले. कान नव्हते धरलेले, डबा धरलेला होता — त्याच्या आईने, भागाबाईंनी, शेतात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजून केलेलं भरीत. नानांनी त्याला बसवलं, आणि एक शब्द न बोलता चमच्याने ताटलीवर टकटक सुरू केली. मोर्स! तोही मान खाली घालून ऐकत राहिला. टकटक थांबली. त्याने चमचा उचलून दोनदाच काहीतरी वाजवलं.

"काय विचारलंत, नाना?"

"चहात साखर किती चमचे."

"आणि?"

"दोन म्हणाला." नाना मिशी पुसत हसले. ते पत्र आल्यापासून पहिल्यांदाच हसले होते.

गच्चीवर अँटेनाचा खांब कलला होता. तो सरळ करायला दोघांनी हात लावले.

"थोडं डावीकडे," तो म्हणाला.

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या."

"मला तुमचं डावं-उजवं कसं कळणार? तुम्हीच या इकडे."

तो आला. खांब केव्हाच सरळ झाला होता… हात मात्र खांबावरच होते, माझ्यावर त्याचा. थंडीचं कोवळं ऊन पडलं होतं, खाली नाना रेडिओवर बातम्या ऐकत होते, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते — देवा, जरा वाराबिरा सोड, खांब पुन्हा कलू दे.

"मंजुळाबाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "परवा मुदत संपते. मी लिहितोच."

"लिहाल तर माझ्याशी बोलू नका."

"माझ्याकडे लायसन्स नाहीच. नसलेलं गेलं तर काय बिघडलं?"

चौदा महिने पोस्टमनला रोज 'माझं काही?' विचारणारा माणूस हे म्हणत होता. सुपडू आबांनी मला सगळं सांगितलं होतं. मी हात काढून घेतला आणि जिना उतरले. डोळे भरून आले होते, ते त्याला दाखवायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाऊन रजिस्टर पत्र टाकलं. सगळं खरं लिहिलं — फ्लॉपी माझी, सूचना माझी, चूक माझी. लायसन्स घ्यायचं तर माझं घ्या, त्या माणसाचा अर्ज अडवू नका. पावती घेताना सगळं आठवलं. दोन वर्षांची वाट, नानांचे पेढे… पण एकदाही वाटलं नाही की परत घ्यावं.

जानेवारीत उत्तर आलं. तपासणीला साहेब येणार. श्रीमती मंजुळा आणि श्री. उखर्डू महाजन या उभयतांनी हजर राहावे. उभयतांनी! म्हणजे त्यानेही लिहिलंच होतं. मी इतकी चिडले, इतकी चिडले… की त्या दिवशी ठेवणीतली जांभळी साडी नेसले.

साहेब बाराच्या सुमारास आले. बारीक, गंभीर, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी माझं स्टेशन तपासलं, नोंदवही चाळली, यादीची कमांड मला द्यायला लावली. मग खाली येऊन बैठकीत बसले. उखर्डू भिंतीला टेकून उभा, धुतलेला शर्ट, हातात चहाची बशी, केसांत आज एकही कापूस नाही. माझ्याकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

साहेबांनी बॅगेतून तीन लिफाफे काढून टेबलावर मांडले.

"माझ्या नोकरीत चुकीला मालक मिळत नाही," ते म्हणाले. "इथे एका चुकीला तीन मिळालेत."

तीन?

"हे पहिलं, तुमचं. 'चूक माझी.' हे दुसरं, या महाजनांचं. 'चूक माझी.' दोघांनी एकाच दिवशी टाकलंय, तुम्ही जळगावहून, यांनी धरणगावहून. आणि हे तिसरं…" त्यांनी चष्मा सारखा केला. "'सदर तरुण उखर्डू हा आमचा होणारा जावई असून, त्यास वायरलेसचे नियम समजावून देण्यात घरातील वडीलधारा या नात्याने माझ्याकडून कसूर झाली. सबब चूक माझी समजण्यात यावी. रुपचंद, निवृत्त तारबाबू.'"

मी नानांकडे बघितलं. नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, जणू त्यात काही महत्त्वाचं छापलंय. उखर्डूच्या हातातली बशी खाली पडली आणि फुटली. कुणी उचलायला वाकलं नाही.

"फ्लॉपी, धुळे, जसंच्या तसं चालवा — तुम्हा दोघांचं सगळं जुळतं," साहेब म्हणाले. "जावयाचं तेवढं तुमच्या दोघांच्याही पत्रात नाही. हाळी चुकून गेली, ते मी समजू शकतो. पण सरकारला जाणूनबुजून खोटं लिहिणं चूक नव्हे, तो गुन्हा आहे. तेव्हा मला आधी हे सांगा." त्यांनी पेन उघडून माझ्याकडे रोखलं. "हे खरं आहे का?"

नानांच्या कपाळावर जानेवारीत घाम होता. एकतीस वर्षांत एक अक्षर चुकीचं न पाठवलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा पदरचं वाक्य पाठवलं होतं, आणि ते माझ्यासाठी. ते खरं करणं आता माझ्या हातात होतं. मला वाटलं होतं, माझी जीभ अडखळेल… लाज वाटेल… पण छातीत जे दाटून आलं होतं ते इतकं मोठं होतं की लाजेला उभं राहायलाही जागा नव्हती. हा माणूस माझा होता. माझा एक शब्द मोडायचा नाही म्हणून फसला होता आणि माझं लायसन्स वाचवायचं म्हणून स्वतःचं फेकून द्यायला निघाला होता. याच्यावर मी प्रेम करत होते, धरणगावच्या त्या पहिल्या चहापासून.

"खरं आहे," मी म्हणाले. आवाज सगळ्या गल्लीत गेला असावा.

साहेबांचं पेन वळलं. "आणि महाजन, तुमचं?"

उखर्डूने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ते शांत काळे डोळे आता मुळीच शांत नव्हते. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि शुद्ध मराठी साफ विसरला.

"खरं शे, साहेब! बठ्ठं खरं शे!"

साहेबांनी मान खाली घातली आणि बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. तिघांनाही लेखी ताकीद. माझं लायसन्स कायम. महाजनांच्या अर्जावर, चूक स्वतःहून कबूल केली असल्याने, हरकत नाही असा शेरा.

"हरकत नाही," उखर्डू स्वतःशीच पुटपुटला. इतक्या महिन्यांनी!

साहेबांनी बॅग बंद केली, उठले, आणि दारात जरासे थांबले. "तारीख कधीची धरलीय?"

"तारीख ना…" नाना घसा खाकरत म्हणाले. "ती धरतोय आता."

साहेब पहिल्यांदा हसले आणि गेले. मी कमरेवर हात ठेवून नानांपुढे उभी राहिले. "नाना, तुम्ही असं लिहिलंतच कसं? आम्ही तर एकमेकांना अजून काहीच…"

"म्हणून तर लिहिलं," नाना म्हणाले. "तुमच्या दोघांच्या भरवशावर राहिलो असतो, तर पुढच्या कापसापर्यंत तुम्ही गच्चीवर खांबच सरळ करत बसला असतात."

उखर्डू फुटक्या बशीचे तुकडे ओलांडून आला, नानांच्या पाया पडला, आणि मग नानांच्या देखत, सरळ माझा हात हातात घेतला. या वेळी मध्ये खांबबिंब काही नव्हतं.

"मंजुळा," तो म्हणाला. बाई नाही, ताई नाही, नुसतं मंजुळा.

"बोल," मी म्हणाले.